भाच्याने वाळवलेला गांजा

नवरात्र बसल्यावरच्या रविवारी सकाळी माझा भाचा दारात उभा दिसला तेव्हाच मी ओळखलं, याचं काहीतरी काम आहे. काम नसताना मावशीकडे येणाऱ्यातला तो नाही. सुकापूरहून जुन्या पनवेलात रिक्षाने यायला पंधरा मिनिटं लागतात, आणि तेवढी पंधरा मिनिटं त्याला गेल्या आठ महिन्यांत सापडली नव्हती.

आत येऊन त्याने चपला काढल्या, पंख्याखाली बसला, मग उठून दार लावलं, कडी घातली. पाठीवरच्या बॅगेतून टॉवेलात गुंडाळलेला स्टीलचा डबा काढला. झाकण उघडायच्या आधीच मला वास आला होता.

"गांजा आहे हा," मी म्हटलं.

"हळू बोल ना मावशी."

"घरात मी एकटी आहे. कोणासाठी हळू बोलू?"

माझ्या नाकाला फसवणं कठीण आहे. पनवेलच्या एका आयुर्वेदिक औषधांच्या कारखान्यात मी अठ्ठावीस वर्षं कच्च्या मालाच्या विभागात काढली. पाला यायचा, मुळ्या यायच्या, साली यायच्या. ते निवडायचं, धुवायचं, वाळवायचं आणि कुटायला पाठवायचं. काही चूर्णांत भांग, म्हणजे गांजाच्याच झाडाचा पाला पडतो, तिला आमच्याकडे विजया म्हणत. तिची कोठी वेगळी, तिला दोन कुलपं, आणि सरकारी इन्स्पेक्टर समोर बसल्याशिवाय ती उघडायची नाही. त्या कोठीची झाडलोट आणि तिच्यातला पाला निवडणं माझ्याकडे होतं. भाच्याला एवढं माहीत होतं. माझ्या नोकरीबद्दल त्याला आयुष्यात माहीत असलेली ही एकच गोष्ट.

"मी विकत बिकत नाही," तो सांगायला लागला. "फक्त स्वतःपुरता. बाहेरच्या मालात काय काय भेसळ असते, तुला कल्पना नाही. हा प्युअर ऑरगॅनिक आहे. चार झाडं लावली होती, परवा कापली. आता फक्त वाळवायचंय नीट. तू एकदा येऊन बघ ना."

हा माणूस पस्तिशीचा आहे. घरी बसून कुठल्याशा परदेशी कंपनीचं काम करतो. स्वतःच्या स्वयंपाकघरात तूरडाळीचा डबा कुठला आणि साबुदाण्याचा कुठला हे त्याला सांगता येत नाही. त्याच्या बायकोने बाल्कनीत लावलेला कढीपत्ता पाण्यावाचून मेला, कारण ती आठ दिवस माहेरी गेली होती आणि हा घरातच होता. त्याने चार झाडं वाढवली, तीही बंद खोलीत, पोलिसांच्या भीतीने पडदे ओढून.

"हे झाड लावणं म्हणजे तुरुंग, माहीत आहे ना तुला?" मी विचारलं.

"पुढे कायदा बदलणारच आहे गं. सगळ्या जगात बदलतोय."

जगात बदलेल तो बदलेल, सुकापूरच्या सातव्या मजल्यावर कधी बदलणार ते विचारावंसं वाटलं. पण विचारलं नाही. मी गेले. मावशीची माया म्हणून गेले असं कोणाला वाटत असेल तर ते खोटं आहे. हा किती वाईट करून ठेवतो आहे ते मला डोळ्यांनी बघायचं होतं.

दुपारी त्याच्याकडे पोचले. त्याची बायको खारघरच्या एका कॉलेजात शिकवते. रविवार असल्यामुळे ती घरी होती. तिने दार उघडलं, मला बघून ओशाळली आणि म्हणाली, "मावशी, तुम्हाला पण यात ओढलं का?" तिच्या हाताला खोबरेल तेल लागलेलं होतं. नवऱ्याच्या कात्र्या पुसून देत होती बिचारी. त्या पाल्याचा चीक असा चिवट असतो की साबणाने हलत नाही.

बेडरूममध्ये आतून चंदेरी असलेला एक काळा तंबू उभा होता. झाडं त्यातच वाढवली होती. आता ती कापून बाथरूममध्ये दोरीला उलटी टांगलेली होती. बाथरूममध्ये! खाली ओली फरशी, बाजूला बादली, वर एक्झॉस्ट पंखा घरघरतोय. जिथे दोन माणसं रोज आंघोळ करतात तिथे पाला वाळवायचं आमच्या कारखान्यातल्या अगदी नवीन बाईच्याही मनात आलं नसतं.

"अंधार लागतो, वारा लागतो," तो मला समजावत होता. "दोन्ही इथे आहे."

"आणि ओल?"

"ओलीसाठी मीटर आहे ना." भिंतीवर काडेपेटीएवढा एक पांढरा यंत्राचा तुकडा चिकटवला होता. त्यावर आकडा दिसत होता. त्या आकड्याकडे तो सत्यनारायणाच्या फोटोकडे बघावं तसा बघत होता.

मग त्याने मला छाटणी दाखवली. टेबलावर वर्तमानपत्र पसरलेलं, त्यावर कळ्यांचे तुरे, आणि परदेशातून मागवलेल्या वाकड्या टोकाच्या दोन कात्र्या. फुलांच्या मधली बारीक पानं काढायची, तुरा तेवढा ठेवायचा, एवढंच ते काम. तो एक तुरा बोटांत धरून चारी बाजूंनी फिरवत होता, न्हाव्याने गिऱ्हाइकाचं डोकं फिरवावं तसा. पाच मिनिटांत एक. आमच्याकडे डोंगरातून पाला घेऊन एक ठाकरीण यायची, तिने तेवढ्या वेळात अडुळशाची अर्धी गोणी देठ काढून निवडली असती आणि वर चहा मागितला असता.

"याला लिंबाची नोट आहे," तो तुरा नाकाशी धरून म्हणाला. "आणि मागून डिझेलची."

डिझेलच्या वासाचं कौतुक करणारा माणूस मी पहिल्यांदाच बघत होते. मी चष्मा लावला आणि त्या तुऱ्याकडे नीट बघितलं. चिकाला पांढरे केस चिकटलेले होते. घरात मांजर होतं. ते टेबलाखालीच पाय पसरून झोपलं होतं.

"आणि ही कसली नोट?" मी एक केस चिमटीत धरून विचारलं. त्याची बायको फस्सकन हसली. तो रागावला, आणि मांजराला ढकलत बाहेर घालवायला उठला.

खरं सांगायचं तर त्या घडीला मला मजा येत होती. अठ्ठावीस वर्षं मी काय काम केलं हे आमच्या घरात कोणी विचारलं नाही. माझी बहीण, म्हणजे याची आई, लोकांना सांगायची, "धाकटी पाला झाडते." तोच पाला आज तिचा इंजिनिअर मुलगा झाडत होता आणि त्याला जमत नव्हतं.

मी बाथरूममध्ये जाऊन टांगलेल्या फांदीतली एक बारीक काडी घेतली आणि वाकवली. ती वाकली, मोडली नाही. काडी कशी बघायची हे मला त्या ठाकरणीने शिकवलं होतं, नोकरीच्या पहिल्या वर्षी. मी वरून पाला हाताला कोरडा लागतो म्हणून गोण्या भरायला निघाले होते. तिने माझा हात धरला. "बाय, पाल्याला नको विचारू. काडीला विचार. मोडताना बोलली का सुकला. नाय बोलली तं अजून ओला हाय. भरशील तं बुरा येल." नंतर कारखान्यात यंत्रं आली, साहेब आले, साहेबांनी भट्ट्या आणल्या आणि आठ दिवसांचं वाळवण एका पाळीत उरकायला लावलं. पाला बाहेरून कुरकुरीत आणि आतून ओला निघायचा. ते बघायला साहेब थांबायचे नाहीत.

"वाळलेलं नाही हे," मी भाच्याला सांगितलं. "अजून आठवडाभर तरी हात लावू नकोस. आणि बाथरूममधून काढ आधी."

"मावशी, मीटर बरोबर दाखवतंय. ज्याचे व्हिडिओ मी बघतो तो माणूस वीस वर्षं हेच करतोय. आता बरण्यांत भरून मुरवायचं असतं. क्युअरिंग म्हणतात त्याला."

"तो माणूस राहतो कुठे?"

"कॅनडात."

"तिकडे खाडी आहे का शेजारी? इथे आज धुतलेला टॉवेल उद्या दमट लागतो."

तो हसला. ते हसणं मी ओळखते. त्याच्या आईचं हसणं आहे ते. "अगं, तुझा अडुळसा वेगळा आणि हे वेगळं. हे सायन्स आहे."

तिथे मी गप्प बसले. त्याने माझ्यासमोर लोणच्याच्या काचेच्या बरण्या काढल्या, एकेक तुरा आत ठेवला, झाकणं घट्ट लावली, वर तारखेच्या चिठ्ठ्या चिकटवल्या. मी खुर्चीत बसून बघत राहिले. मनात म्हटलं, सड म्हणावं. सडू दे, म्हणजे कळेल कोणाचं सायन्स खरं ते.

मला ज्या गोष्टीची लाज वाटते ती ही. बुरशी आली की माल फुकट जातो, एवढंच मला माहीत होतं असं नाही. गोदामात माझ्याबरोबर काम करणारी एक बाई होती. बुरसटलेल्या गोण्या झटकायचं काम तिच्याकडे होतं. तोंडावर बांधायला कपडासुद्धा देत नसत. दोन वर्षांनी तिला जिना चढवेना, बोलताना दम लागायला लागला. डॉक्टरांनी सांगितलं की बुरशीची धूळ छातीत गेली आहे. मालकांनी शाल-नारळ देऊन तिला निरोप दिला आणि वर भाषण केलं. हे सगळं मी बघितलं होतं. आणि माझा भाचा त्या बरण्यांतला माल चुलीत घालणार नव्हता, छातीत ओढणार होता. "बुरशी आली तर ओढू नकोस, जिवावर येईल," हे एक वाक्य बोलायला मला किती वेळ लागला असता? पण त्याच्या त्या हसण्यानंतर मला ते बोलायचं नव्हतं. मी चहा प्यायले आणि रिक्षा करून घरी आले.

महिनाभराने, दिवाळी संपता संपता, त्याच्या बायकोचा फोन आला. "मावशी, यांना पाच दिवस ताप आहे. खोकला थांबत नाही. रात्री बसून राहतात. आज ॲडमिट केलंय."

"डॉक्टरांना सांगितलं का?"

"काय?"

"काय ते तुला माहीत आहे."

पलीकडे तिने दार लावल्याचा आवाज आला. मग म्हणाली, "शपथ घातलीय मला. नोकरी जाईल म्हणतात."

पनवेलमधलंच हॉस्पिटल होतं ते. मी गेले. नाकाला नळी लावून तो पलंगावर उशांना टेकून बसला होता. पाच दिवसांत गाल आत गेले होते. मला बघून त्याने बोटाने गप्प राहायची खूण केली. अजून नमस्कार नाही, "ये" नाही, आधी खूण.

छातीच्या डॉक्टर आल्या. तरुण होत्या, घाईत होत्या, पण विचारत होत्या नीट. घरात कबुतरं येतात का? कूलर आहे का? भिंतीला ओल? जुनी गादी, जुनं धान्य झटकलं का? सिगरेट?

"नाही. नाही. काहीच नाही," भाचा म्हणत होता आणि प्रत्येक 'नाही'नंतर खोकत होता. त्याची बायको फरशीकडे बघत होती.

"डॉक्टर," मी म्हटलं, "याने घरी गांजा लावला होता. ओलाच बरण्यांत भरला. त्याला बुरशी आली असणार, आणि तोच हा ओढतोय."

"मावशी!" तो ओरडला. ओरडण्याएवढा श्वास नव्हता, म्हणून ते चिरक्या शिट्टीसारखं आलं.

डॉक्टरांनी पेन थांबवलं नाही. "किती दिवस?"

त्याने दाराकडे बघितलं.

"मी पोलीस नाहीये," त्या म्हणाल्या. "चुकीचं औषध दिलं तर तुम्हीच मराल. किती दिवस?"

"तीन आठवडे," तो म्हणाला. "रोज नाही. म्हणजे, जवळजवळ रोज."

"त्याच्यावर पांढरं काही दिसलं नाही तुम्हाला?"

तेव्हा सगळं बाहेर आलं. त्याला पांढरं दिसलं होतं. चांगल्या मालावर म्हणे साखरेसारखी चकाकी येते. याला वाटलं, बरणीत मुरून मुरून चकाकी वाढली! त्याने त्याचे फोटो काढले होते, आणि असल्याच चार दीडशहाण्यांच्या ग्रुपवर टाकले होते. त्यांनी वाहवा केली होती. बुरशीची वाहवा. इतकी वर्षं शिकून, दोन मोठ्या स्क्रीन लावून, भिंतीवर मीटर चिकटवून, या माणसाला बुरशी ओळखता आली नाही. शिळ्या भाकरीवर आली असती तर मोलकरणीला बोलावून दाखवली असती.

औषधं बदलली. तीन दिवसांनी ताप उतरला. बाराव्या दिवशी घरी सोडलं. डॉक्टरांनी सांगितलं की थोडक्यात वाचलात, पण दोन-चार महिने धाप लागेल, आणि पुन्हा असलं काही केलंत तर माझ्याकडे येऊ नका.

तो हॉस्पिटलात असतानाच त्याची बायको आणि मी सुकापूरच्या घरी बरण्या उघडल्या. तोंडाला ओले पंचे बांधले, मांजर स्वयंपाकघरात कोंडलं. पहिलं झाकण फिरवलं आणि बंद मुतारीसारखा वास आला. लिंबू नाही, डिझेल नाही. आत तुऱ्यांना राखाडी जाळं धरलं होतं, आणि एका तुऱ्याच्या पोटात काळं पाणी होतं. सगळं फिनेलच्या बादलीत बुडवून आम्ही संडासात ओतलं. पाच वेळा पाणी सोडावं लागलं. तंबू तिने स्वतः मोडला, नळ्या वेगळ्या केल्या आणि भंगारवाल्याला देऊन टाकल्या. शेवटची बरणी घासताना एवढंच म्हणाली, "मावशी, त्या दिवशी तुम्हाला कळलं होतं ना, हे सडणार म्हणून?"

"हो."

"मग?"

"एकदा सांगितलं. तो हसला, म्हणून दुसऱ्यांदा सांगितलं नाही."

तिने बरणी उपडी घातली. "मी तर एकदाही सांगितलं नाही," ती म्हणाली.

तुळशीची लग्नं उरकल्यावर माझी बहीण मुलाला भेटायला उरणहून आली. आजारपणात तिला खोटंच सांगितलं होतं, साधी सर्दी छातीत उतरली म्हणून. मला जेवायला बोलावलं होतं. भाचा सोफ्यावर शाल घेऊन बसला होता आणि आई त्याला आपल्या हाताने सरबत देत होती.

"डॉक्टर म्हणाले तरी काय?" बहिणीने मला विचारलं.

मी भाच्याकडे बघितलं. तो म्हणाला, "धुळीची ॲलर्जी."

"धूळ!" बहीण सुनेकडे वळली. "घर पुसत नाहीस का तू? नोकरी नोकरी करतेस, आणि इथे नवऱ्याच्या नाकातोंडात धूळ जाऊन मरायची पाळी आली. आमच्या वेळी दिवसातून दोनदा लादी पुसायचो आम्ही. पंख्यावर बघ काय साचलंय. आणि हे मांजर! याचे केस उडत असतील घरभर."

सून हातात पोळ्यांचा डबा घेऊन उभी होती. बारा दिवस ती हॉस्पिटलात खुर्चीवर झोपली होती. मी थांबले. त्याला पुरेसा वेळ दिला. तो आता तरी तोंड उघडेल, निदान "आई, राहू दे" एवढं तरी म्हणेल, असं मला वाटलं. त्याने सरबताचा ग्लास तोंडाला लावला आणि टीव्हीकडे बघत राहिला.

गांजा मी एक वेळ विसरले असते. मीटर, कात्र्या, कॅनडाचा तो शहाणा, सगळं विसरले असते. पण तो सरबत पीत राहिला, ते मला विसरता येणार नाही.

"ताई," मी म्हटलं, "धूळ नव्हती. तुझ्या मुलाने बेडरूममध्ये गांजा लावला. तो बाथरूममध्ये टांगला, ओलाच बरणीत भरला, सडवला आणि ओढला. ती पाच दिवस याचा खोकला ऐकत जागली. तिला बोलू नकोस."

टीव्ही चालूच होता. बहीण आधी माझ्याकडे बघत राहिली, मग मुलाकडे. त्याने ग्लास खाली ठेवला.

"तुला पहिल्यापासून त्याचं चांगलं बघवत नाही," बहीण मला म्हणाली.

मी जेवले नाही. चपला घातल्या. सून माझ्यामागून लिफ्टपर्यंत आली आणि बटण दाबून उभी राहिली. "आता मला रोज ऐकावं लागणार," ती म्हणाली. "नवऱ्यावर लक्ष ठेवता आलं नाही म्हणून."

ते खरं होतं. मला तेवढं सुचलं नव्हतं. लिफ्ट आली तेव्हा ती माझ्याबरोबर आत शिरली, खाली रस्त्यापर्यंत चालत आली आणि रिक्षा मिळेपर्यंत थांबली. वर जायची तिला घाई दिसली नाही. बहिणीने त्यानंतर मला फोन केलेला नाही. भाच्याने एक मेसेज पाठवला होता, लांबलचक, इंग्रजीत, कौटुंबिक विश्वासाबद्दल. तो मी पहिल्या दोन ओळींपर्यंत वाचला. ऐकते की हल्ली त्याने बाल्कनीत मशरूम लावायचं मनावर घेतलं आहे.